घाटातले दोन तास

लालबाग, २४ नोव्हेंबर २०२४

प्रिय कास्मीर,

परवा फोन केला तो तुझ्या ओलिव्हियाने उचलला. म्हणाली, कानात मशीन घालूनही डॅडींना फोनवरचं काही कळत नाही, तुम्ही लिहा, ते वाचतात. म्हणून कॉलेज सोडल्यावर पहिल्यांदाच एवढा मोठा कागद हातात घेतलाय.

आम्ही ठीक. सुभद्राचे गुडघे, माझी शुगर, दोन्ही आपापल्या जागी आहेत. नाशिकरोडची थंडी तुला मानवते का, ते कळव.

लिहायचं कारण वेगळं आहे. आपल्या रामूची श्रेया आता सत्तावीस वर्षांची झाली. परळच्या एका हॉस्पिटलात ईसीजी काढायचं काम करते. गेल्या रविवारी सकाळी घरी आली, चहा घेतला आणि कप खाली ठेवता ठेवता म्हणाली, "आनंदाकाका, बाबा गेले ती जागा मला बघायची आहे. जानेवारीत पंधरा वर्षं होतील. न्याल का?"

मी गुडघ्यांचं सांगितलं. म्हणाली, गुडघे काकूंचे दुखतात, तुमचे नाही.

तिला त्या स्टेशनची काहीच कल्पना नाही. मी सांगितलं, इंग्रजांच्या वेळी गाडी कर्जतच्या वरचा घाट चढून तिथपर्यंत यायची, इंजिन या टोकाचं सोडून त्या टोकाला जोडायचे, मग गाडी उलट्या तोंडाने पुढचा चढ चढायची. नवी लाइन झाली आणि ते स्टेशन जंगलात राहून गेलं. ती म्हणाली, "म्हणजे तिथे गाडी येतच नाही?" मी म्हटलं, नव्वद-शंभर वर्षांत नाही.

आईला, रखमाला, तिने अजून विचारलेलं नाही. मी काय करू? तू सांगशील तसं.

तुझा,
आनंदा


नाशिकरोड, ३ डिसेंबर २०२४

प्रिय आनंदा,

पत्र सोमवारी मिळालं. अक्षर अजून वर्गातल्यासारखंच आहे, उजवीकडे चढणारं.

मी सांगेन तसं करणार असशील, तर नेऊ नकोस. तुझं वय त्र्याहत्तर. पायथ्याच्या वाडीपासून वर दोन तासांचा चढ आहे, आणि शेवटच्या टप्प्यात पावसाने वाट खचलेली असणार. मुलीला म्हणावं, तिथे काही नाही. एक फलाट, तोही निम्मा मातीखाली, आणि पुलाचे तीन खांब. बघण्यासारखं काय आहे?

आणखी एक. ती विचारणार. जागेवर उभं राहिलं की माणूस विचारतो. आपण तेव्हा सगळ्यांना जे सांगितलं तेच सांगायचं. तो बसला आणि जागच्या जागी गेला. त्रास झाला नाही. मी मदतीला वर लाइनवर गेलो, पण तेवढ्या वेळात एकही गाडी आली नाही, म्हणून गँगमनांच्या झोपडीपर्यंत, गँगहटपर्यंत, चालत गेलो. यापलीकडे शब्द नको. रखमाने पंधरा वर्षं याच्यावर काढली आहेत. आता ते हलवून कोणाचं भलं होणार?

माझी डोरिस गेली त्याला फेब्रुवारीत चार वर्षं होतील. ती असती तर तिनेही हेच सांगितलं असतं.

कास्मीर


लालबाग, १५ डिसेंबर २०२४

प्रिय कास्मीर,

तुझं पत्र दोनदा वाचलं. डोरिसने हेच सांगितलं असतं असं मला वाटत नाही, पण ते राहू दे.

मी नाही म्हणून बघितलं. श्रेया शांतपणे म्हणाली, "हरकत नाही, काका. दादरचा एक ट्रेकिंगचा ग्रुप जानेवारीत तिथे जातोय, त्यांच्याबरोबर नाव देते." आता सांग, ती तिथे वीस अनोळखी पोरांच्या सेल्फ्यांमध्ये उभी राहणार आणि बाप कुठल्या दगडावर गेला ते तिला कोणी दाखवणार नाही. हे मला पटेना. एकोणीस जानेवारी ठरवली, रविवार आहे. मी आणि ती, दोघंच.

रखमाला तिने सांगितलं. रखमा एवढंच म्हणाली, "जावा. पन सांभाळून." मला वाटलं होतं रडेल. ती गॅलरीत कपडे वाळत घालत होती, घालत राहिली.

तू पण ये ना. ओलिव्हियाला सांग, कर्जतपर्यंत सोड. वर चढू नकोस, वाडीत चहाच्या टपरीवर बस. पण ये. आपण तिघं गेलो होतो, दोघं परत आलो आणि त्यानंतर एकदाही एकत्र त्या बाजूला गेलो नाही. तू नाशिकला गेलास तेव्हा मला वाटलं होतं की बरं झालं. हे लिहायला नको होतं, पण आता शाईत उतरलंय.

आनंदा


नाशिकरोड, २८ डिसेंबर २०२४

प्रिय आनंदा,

नाताळच्या शुभेच्छा उशिरा. ओलिव्हियाने केक पाठवलाय, मिळाला का?

मी येणार नाही. कारण विचारू नकोस.

तू जाणारच आहेस तर वाट लिहून देतो. कर्जतला साडेसातच्या आत उतरा. रिक्षाने वाडीपर्यंत. तिथे चहा प्यायचा, पण बसायचं नाही. विहिरीच्या उजव्या हाताने वर. तासाभराने करवंदीची जाळी संपते आणि मोकळा कडा लागतो. तिथे थांबा. समोर सगळी दरी उघडते, सकाळच्या उन्हात घाटातले बोगदे एकाखाली एक दिसतात, सुईच्या नेढ्यासारखे. मी तीस वर्षं गार्ड म्हणून त्या बोगद्यांतून गेलो, पण घाट खऱ्या अर्थाने बघितला तो त्या कड्यावरूनच. मुलीला ते दाखव. त्यापुढे जुन्या रुळांचा सपाट पट्टा लागतो, खडी अजून पायाखाली लागते. तो धरून अर्धा तास.

पाणी दोघांत पाच लिटर. काठी घे. स्टेशनवर जास्त वेळ थांबू नका. अर्धा तास पुरे. अकराच्या आत निघा.

कास्मीर


परळ, २६ जानेवारी २०२५

कास्मीर अंकल,

नमस्कार. मी श्रेया, रामू तांडेल यांची मुलगी. तुम्ही मला शेवटचं पाहिलं तेव्हा मी सहावीत होते. हाताने लिहायची सवय राहिलेली नाही, अक्षर सांभाळून घ्या. फोन करणार होते, काका म्हणाले की तुम्हाला पत्रच पोचतं.

आम्ही एकोणीसला जाऊन आलो. तुम्ही लिहून दिलेला कागद काकांच्या खिशात होता. कड्यावर पोचलो तेव्हा खाली धुकं होतं. ते हळूहळू उठलं आणि खरंच बोगदे एकेक करून दिसायला लागले. एक निळी गाडी एका बोगद्यात शिरली आणि दुसऱ्यातून बाहेर यायला तिने इतका वेळ घेतला की मी काकांना विचारलं, अडकली का? काका हसले. दिवसभरात तेवढंच हसले.

जुन्या लाइनचा पट्टा फार सुंदर आहे. दोन्ही बाजूंनी वाळलेलं सोनेरी गवत, मध्ये सपाट वाट, जणू कोणी आमच्यासाठी झाडून ठेवलेली. मग फलाट. काळ्या घडीव दगडांची कड अजून सरळ आहे, तिच्यात उंबर वाढलाय. पुलाचा एक खांब पडलाय, दोन उभे आहेत.

काकांनी मला एक दगड दाखवला. म्हणाले, इथे. मी तिथे बसले. काका लांब उभे राहिले.

अंकल, आता मला जे विचारायचं आहे ते. मी तिथे तासभर बसले. त्या तासात वरच्या लाइनवरून तीन गाड्या गेल्या. दिसत नाहीत, पण दगड थरथरतो आणि आवाज अगदी डोक्यावर येतो. तिसरी गेल्यावर मी विचारलं, "काका, त्या दिवशी एकही गाडी आली नव्हती ना?"

काका खाली बसले. चेहरा इतका पांढरा पडला की मी नाडी धरली. पाणी दिलं. मग ते बोलायला लागले आणि थांबेचनात.

त्यांनी सांगितलं, बाबा जागच्या जागी गेले नव्हते. जवळजवळ दोन तास होते. आणि वाडीत चहा पितानाच बाबा त्यांना म्हणाले होते, "आनंदा, छातीत भरल्यासारखा वाटता. मी हयच बसतंय, तुम्ही जाऊन येवा." तुम्ही तेव्हा पुढे निघाला होतात, तुम्हाला ते माहीत नाही. काका म्हणाले होते, "अरे, काल रात्रीचे वडे आहेत ते." पिशवीतून इनोचं पाकीट काढून त्यांना पाजलं, पाठीवर थाप मारली आणि उठवलं. मग बाबा चढले.

मी रोज तीस-चाळीस जणांचे ईसीजी काढते. त्यातले निम्मे असंच म्हणत येतात की गॅसेस आहेत, वडे खाल्ले होते. मी काकांना तेच सांगितलं. माणसं असं करतात, मुद्दाम करत नाहीत. ते ऐकत नव्हते. येताना मी त्यांना हात धरून खाली आणलं, साडेचार तास लागले.

गाड्यांचं मी पुन्हा विचारलं. ते म्हणाले, "ते कास्मीरला विचार. ते त्याचं आहे."

म्हणून विचारते. आईला अजून काहीच सांगितलेलं नाही. तुमचं उत्तर आल्यावर ठरवेन. मी भांडायला लिहिलेलं नाही. मला फक्त त्या दिवशी काय झालं ते सगळं हवंय, पाठपोट.

श्रेया


नाशिकरोड, ४ फेब्रुवारी २०२५

प्रिय श्रेया,

तुझं पत्र पाच दिवस टेबलावर होतं. ओलिव्हियाने दोनदा विचारलं, कोणाचं आहे. मी म्हटलं, रामूच्या मुलीचं. तिसऱ्यांदा तिने विचारलं नाही.

गार्डच्या नोकरीत प्रत्येक गोष्ट वेळेसकट लिहून ठेवावी लागते. तशीच लिहितो.

१७ जानेवारी २०१०, रविवार. मी रात्रपाळी संपवून थेट कर्जतला उतरलो होतो. म्हणून खांद्यावरच्या पिशवीत माझे ड्यूटीचे झेंडे होते, लाल आणि हिरवा. हे आनंदालाही माहीत नाही.

दहा वाजून पन्नास मिनिटांनी रामू फलाटावर बसला. घाम, डावा हात दुखतोय म्हणाला. मोबाइलला रेंज नव्हती. मी आनंदाला त्याच्याजवळ ठेवून वर लाइनवर गेलो. धावतच गेलो, वीस मिनिटं लागली.

अकरा सतराला खालून एक मेल आली. त्या चढावर गाडी सायकलच्या वेगाने येते. मी रुळांपासून दहा पावलांवर होतो. लाल झेंडा दाखवला असता तर ड्रायव्हरने थांबवलीच असती. झेंडा नसता, नुसता शर्ट काढून हलवला असता तरी थांबवावी लागली असती, नियमच तसा आहे. गाडीत डॉक्टर असण्याची शक्यता असते, आणि वरच्या स्टेशनवर अर्ध्या तासात ॲम्ब्युलन्स उभी राहिली असती.

माझा हात पिशवीत झेंड्याच्या दांड्यावर होता. त्या अर्ध्या मिनिटात मी काय विचार केला ते लिहितो. घाटात चढावर मेल थांबवली की चौकशी. थांबवणारा कोण, तर रेल्वेचाच गार्ड, ड्यूटी नसताना, बंद लाइनवर मित्रांना फिरवायला घेऊन आलेला. माझ्या निवृत्तीला आठ महिने होते. ओलिव्हियाचं लग्न ठरलं होतं. मी स्वतःला म्हटलं, रामू धडधाकट आहे, पित्तच असेल. गाडी गेली.

अकरा चाळीसला वरून मालगाडी उतरली. शेवटच्या डब्यात गार्ड उभा होता. तो मला ओळखणारा निघेल म्हणून मी झुडपामागे झालो. श्रेया, ही गोष्ट मी डोरिसला सांगितली नाही, फादरनाही सांगितली नाही. पहिल्या गाडीला मी घाबरलो, ते कोणी समजून घेईल. दुसरीला मी लपलो.

त्यानंतर मी गँगहटपर्यंत चालत गेलो. चार गँगमन स्ट्रेचर घेऊन आले. आम्ही फलाटावर पोचलो तेव्हा एक वाजला होता. आनंदा म्हणाला, दहा मिनिटं झाली.

खाली उतरताना मीच आनंदाला म्हटलं, जागच्या जागी गेला असं सांगायचं, घरच्यांना बरं वाटेल. ते घरच्यांसाठी नव्हतं. दोन तास म्हटले असते तर कोणीतरी विचारलं असतं, दोन तासांत गाडी नाही आली?

गाडी थांबवली असती तर तो वाचला असता का, ते मला माहीत नाही. तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. मला कळवू नकोस.

हे पत्र आईला वाचून दाखव किंवा नको. तुझ्या हाती आहे.

कास्मीर परेरा


लालबाग, १२ फेब्रुवारी २०२५

कास्मीर,

श्रेयाने तुझं पत्र मला दाखवलं. मी तुला एक गोष्ट सांगायची ठेवली होती, ती आता सांगतो. मी त्या दोन्ही गाड्या ऐकल्या होत्या. रामूचं डोकं माझ्या मांडीवर होतं, दगड थरथरला आणि आवाज गेला. मला वाटलं, आता थांबेल. नाही थांबली. दुसरी पण नाही. तू खाली आल्यावर म्हणालास, एकही आली नाही, आणि मी मान हलवली. कारण तुला विचारलं असतं तर तू मला विचारलं असतंस की रामू सकाळी कसा होता. पंधरा वर्षं मी तुझ्यावर उपकार करतोय असं मला वाटत होतं. मी माझंच झाकत होतो.

झेंड्याचं वाचून मला राग आला. खूप आला. मग वडे आठवले.

आता रखमाचं. शुक्रवारी श्रेयाने तिला तुझं पत्र वाचून दाखवलं, माझं तोंडी सांगितलं. शनिवारी सकाळी रखमा आमच्या दारात. सुभद्राने आत ये म्हटलं, आली नाही. मला म्हणाली, "आनंदाभाऊ, माझ्याकडे येवा."

मी गेलो. वाटलं होतं, आता शिव्या. खरं तर मला त्या हव्या होत्या. तिने पाटावर बसवलं. स्वतः भिंतीला टेकून बसली. श्रेया दारात उभी.

रखमा म्हणाली, "गाड्यांचा आणि वड्यांचा तुम्ही तुमचा बघा. माका एकच सांगा. दोन तास तो काय बोललो?"

कास्मीर, आपण दोघांनी या गोष्टीचा कधी विचारच केला नव्हता. आपण तिला सांगितलं की तो जागच्या जागी गेला, म्हणजे काही बोललाच नाही. आपल्याला सोयीचं म्हणून तिच्या नवऱ्याचे शेवटचे दोन तास आपण खिशात घालून बसलो.

मग मी सांगायला लागलो. आठवत नाही असं आधी वाटलं. पण एकेक येत गेलं. बूट काढ म्हणाला, मी काढले. पायाची बोटं चोळ म्हणाला. छापखान्यातल्या मशीनचा पट्टा सोमवारी बदलायचा आहे, ते प्रितीला सांगशील ना, असं तीन वेळा म्हणाला. प्रिती म्हणजे त्यांच्या ऑफिसातली. श्रेयाच्या वह्यांना कव्हरं घालायची राहिलीत म्हणाला. श्रेया दारातून आत आली आणि खाली बसली.

रखमाने विचारलं, "माझा काय बोललो?"

मी म्हटलं, "म्हणाला, रखमाला सांगू नकोस मी घाबरलो होतो म्हणून."

ती पहिल्यांदा हसली. म्हणाली, "घाबरटच होतो तो. इंजेक्शनाक पन." मग पदर तोंडाला लावला.

"पाणी मागितल्यान?"

"दोनदा."

"दिलास?"

"दिलं."

"शेवटी?"

मी सांगणार नव्हतो. पण ती बघत होती. शेवटी त्याला भान नव्हतं. फलाटाची कड हाताने चाचपली आणि म्हणाला, "आनंदा, गाडी इली की माका उठव." मी म्हटलं, उठवतो. मग झोपल्यासारखा झाला.

कुकरची शिट्टी झाली, श्रेयाने जाऊन गॅस बंद केला. मग रखमा मला म्हणाली, "आता जावा. थोडे दिवस माझ्या समोर येव नको. मगे मीच बोलवीन." मी उठलो. दारात पोचल्यावर म्हणाली, "आणि त्या कास्मीरभावाक सांगा, पत्र कसला लिवता? हय येवन तोंडान सांग म्हणावा. तो लाइनीवर गेलो तेव्हा कसो गेलो, धावत गेलो का, सगळा. माझ्या समोर बसान सांग म्हणावा."

निरोप पोचवला. पुढचं तुझं.

आनंदा


नाशिकरोड, १९ फेब्रुवारी २०२५

आनंदा,

ओलिव्हियाला सगळं सांगितलं. तिच्या लग्नाचं कारण मी पुढे केलं होतं, हेही सांगितलं. ती उठून आत गेली. रात्री जेवायला वाढलं. आज सकाळी मोबाइल माझ्यासमोर धरला, त्यावर रविवारचं तिकीट होतं. दोन तिकिटं, तिचंही.

सकाळी दहापर्यंत दादरला पोचू. तू स्टेशनवर येऊ नकोस. तिथून टॅक्सीने येतो. तुझ्याकडे आधी येणार नाही, थेट रखमाकडे जाईन.

झेंडे अजून आहेत, ट्रंकेत. आणणार नाही. ते दाखवायला आणले असं व्हायला नको.

रखमा रविवारी सकाळी घरी असते की दुपारी, एवढं श्रेयाला विचारून ओलिव्हियाच्या फोनवर कळव.

कास्मीर